पहिलं अभय

१

सकाळी थोरलीने चहा टाकायचा आणि धाकटीने कारखान्याचं शटर उचलायचं, हे ठरलेलं. शटर निम्म्यावर अडायचं. अडलं की धाकटी वडिलांच्या नावाने खडे फोडायची, कारण ते त्यांनीच भंगारातून स्वस्तात उचलून आणलं होतं. बाबा जाऊन काळ लोटला, पण शटर काही सुधारलं नाही.

कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबट खोली, वर पत्रा, पत्र्यात उजेडासाठी बसवलेली एक पिवळट फायबरची पट्टी, आणि जिकडेतिकडे प्लास्टरची पांढरी भुकटी. या खोलीत दोघी बहिणी मूर्ती घडवत. लग्नाचं वय दोघींच्याही दारावरून न थांबता पुढे निघून गेलं होतं, आणि आता कुणी त्याची चौकशीही करत नसे. थोरली अंगाने चांगली आडवी, धाकटी काटकुळी. बाबा म्हणायचे, देवाने दोघींची कणीक एकदम मळली आणि गोळे करताना त्याचं लक्ष नव्हतं. थोरली धाकटीला अजूनही चिमणे म्हणून हाक मारायची.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. कुणाला विष्णू हवा असे, कुणाला बुद्ध. साचे बरेचसे तेच, फरक पडायचा तो खुणांचा. कमळ दोघांच्याही आसनाला चालतं, कारण चिखलात उगवून चिखल लागू न देणं दोघांनाही शोभतं. चक्र मात्र एकाच्या बोटावर फिरतं नि शत्रूचं डोकं उडवतं, तर दुसऱ्याच्या तळहातावर उमटतं नि धम्म शिकवतं. शंखाचं तसंच, छत्राचं तसंच, स्वस्तिकाचंही तसंच. खूण एक आणि तिला घरं दोन, माहेर आणि सासर. पण वर उचललेला उजवा हात, तळवा समोर आणि बोटं आभाळाकडे, याचा अर्थ दोन्ही घरी एकच. भिऊ नकोस, मी आहे. त्यालाच अभय म्हणतात.

हा हात मूर्तीला सगळ्यात शेवटी बसवायचा, ही बाबांची रीत. मनगटातून गज घालायचा, काथ्या नि ओलं प्लास्टर भरायचं, आणि ते धरेपर्यंत दोघांनी हात सावरून ठेवायचा. एकाने मागे उभं राहून कोपर धरायचं. दुसऱ्याने समोर उभं राहून मूर्तीच्या तळव्याला आपला तळवा लावून ठेवायचा, नाहीतर जड हात पुढे कलंडतो. बाबा म्हणायचे, "मूर्ती जगाला अभय देईल तेव्हा देईल. पहिलं अभय घडवणाऱ्याचं."

मागे उभं राहायला जोर लागतो, म्हणून थोरली कायम मागे आणि धाकटी कायम पुढे. तळव्यावरचं चक्र उठावाचं असलं, तर त्याचा ठसा धाकटीच्या तळहातावर बराच वेळ राहायचा. लहानपणी ती तो ठसा मिरवत फिरायची आणि थोरली म्हणायची, "झालं का तुझं अभय घेऊन? मग आता पाणी भर."

२

कारखान्याच्या आतल्या टोकाला एक दार होतं. त्यामागची खोली तडकलेल्या मूर्तींची. तडा गेलेली मूर्ती विकता येत नाही आणि फेकवत तर त्याहून नाही, म्हणून फडकं गुंडाळून ती आत जायची. दाराला कडी होती, कारखान्याच्या बाजूने.

धाकटीला त्या खोलीची लहानपणापासून भीती. आतून कधीकधी आवाज यायचा. कुणीतरी कोरडा तळहात दारावरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवावा, तसा. बाबा म्हणायचे, उंदीर. एकदा धाकटीने विचारलं होतं, "बाबा, उंदराला तळहात असतो का हो?" बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी कडी काढून जाड कडी बसवली, आणि पुन्हा उंदरांचं नाव काढलं नाही.

तेव्हा दोघी कारखान्यातच झोपायच्या. आवाज आला की धाकटी थोरलीचा हात चाचपडायची आणि थोरली तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "भिऊ नकोस, मी आहे ना." थोरलीच्या मनगटात तांब्याचं जाड कडं असायचं. त्याचा गार स्पर्श कपाळाला झाला की धाकटीला झोप लागायची. मोठेपणी दोघी माळ्यावर झोपू लागल्या, आवाज विरळ झाले, आणि धाकटीने स्वतःला समजावलं की लाकूड वाळतं, दार फुगतं, जुन्या घरात असं व्हायचंच. तरी ती त्या दाराकडे पाठ करून कधी काम करत नसे.

एका दवाखान्याकडून मोठं काम आलं. त्यांच्या बसायच्या दालनात मूर्ती हवी होती. तिथला व्यवस्थापक जरा चाचरतच म्हणाला, "अशी करा, की ज्याला जो हवा तो दिसेल. पेशंट सगळ्या प्रकारचे असतात. आणि घाबरलेले असतात, तेवढं बघा."

धाकटीला काम मनापासून आवडलं. मिटले डोळे, खाली कमळ, अंगावर दुसरं काही नाही, आणि वर केलेल्या हाताच्या तळव्यावर उठावाचं चक्र. विष्णूवाल्याने विष्णू समजावं, बुद्धवाल्याने बुद्ध. चक्राचे आरे तिने स्वतः कोरले.

अपुरी मूर्ती रस्त्याला तोंड दाखवत नाही, ही बाबांची आणखी एक रीत. त्यामुळे प्रत्येक मूर्तीची पाठ शटरकडे आणि तोंड आतल्या दाराकडे असायचं. ही मूर्ती माणसाहून मोठी निघाली. कमळाच्या पाकळ्या पार दाराजवळ पोचल्या, आणि मूर्ती नि दार यांच्यामध्ये जेमतेम धाकटी आडवी सरकेल एवढी फट उरली. थोरलीचा तिथे प्रश्नच नव्हता. "मी शिरले तर मलाच आत ओतून टाकावं लागेल," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

३

हात बसवायचा त्याच सुमारास धाकटीची दाढ उठली. ती म्हणत होती काम झाल्यावर जाईन, पण थोरली हटूनच बसली. "जा, काढून ये. तोंड धरून कसलं काम करतेस? परत येऊन झोप काढ. हात उद्या बसवू."

धाकटी गेली, दाढ काढली, गाल बधिर घेऊन आली आणि माळ्यावर जाऊन गोळीच्या अमलाखाली पडून राहिली. थोरलीने तिच्या अंगावर पांघरूण घातलं, तेवढं तिला आठवत होतं. बहीण असावी तर अशी, असंही तिला वाटलं होतं.

सकाळी शटर उचललं, ते निम्म्यावर अडलं, खडे फोडून झाले, आणि ती आत आली. मूर्तीचा हात बसलेला होता.

काम सुबक झालं होतं. मनगटाचा सांधा बोट फिरवलं तरी लागत नव्हता. पापण्यांची रेघ मात्र अजून कोरायची राहिली होती. म्हणजे हात शेवटी बसला नव्हता. या कारखान्यात असं कधी घडलं नव्हतं.

"ताई, हात तू बसवलास?"

थोरली कप विसळत होती. "मग काय, आपोआप उगवला?"

"एकटीने?"

"टेकू लावला पुढून. तू झोपली होतीस, प्लास्टर कालवलेलं होतं, वाया घालवू?"

उत्तर सरळ होतं. धाकटीने मान हलवली आणि पापणीची कोरणी घ्यायला वळली. वळताना तिला आठवलं, की लांब टेकू शेजारचा सुतार मागून घेऊन गेला होता आणि अजून परत द्यायला आला नव्हता. सुताराकडून वस्तू परत येणं म्हणजे मेलेलं माणूस परत येण्यासारखं, असं थोरलीच दोन दिवस बडबडत होती.

असेल, फळी लावली असेल. गोळीने माझंच डोकं जड झालंय, असं म्हणून तिने कोरणी उचलली.

४

पापणी कोरायची तर तोंड मूर्तीसमोर हवं, म्हणून ती बाजूने फटीत सरकली. आतलं दार पाठीला लागत होतं. तिने आधी कडी पाहिली. लागलेली होती. मग तिची नजर मूर्तीच्या तळव्यावर गेली.

चक्रावर डाग पडला होता. राखाडी, जुन्या धुळीचा. कारखान्यातली धूळ पांढरी असते. ही धूळ मागच्या खोलीतली होती, फडक्यांवर साचून मेणचट झालेली. तिने ओल्या फडक्याने पुसलं. डाग निघाला नाही, उलट ओला झाल्यावर नीट दिसू लागला. एक पंजा होता. मूर्तीच्या पंजाला बरोब्बर टेकलेला.

ताईचाच असणार. फडकी चाळून आली असेल, हात न धुता धरला असेल. धाकटीने आपला तळवा त्यावर ठेवून पाहिला आणि काढून घेतला. मूर्ती माणसाहून मोठी, तिचा पंजाही मोठा. तरी डागाची बोटं मूर्तीच्या बोटांपाशी संपली नव्हती. ती टोकांवरून पलीकडे वळली होती. मूर्तीच्या बोटांच्या मागच्या बाजूला, नखांच्या खाली, राखाडी ठिपके होते, कुणी घट्ट धरून ठेवल्यासारखे.

ती फटीतून बाहेर आली. फट जिथे सर्वांत अरुंद होती तिथे तिची स्वतःची हाडं घासली. थोरलीला तिथे उभं राहता येणं शक्य नव्हतं. आणि फळी लावली असती तर चक्रावर फळीची खूण राहिली असती.

"ताई, पुढे कोण उभं होतं?"

"सांगितलं ना, टेकू."

"टेकू सुताराकडे आहे."

थोरलीने साचा पुसायचा थांबवला नाही. "तुझी दाढ काढली की डोकं काढलं गं? फळी म्हण, टेकू म्हण. काम झालं ना?"

तिचं उजवं मनगट उघडं होतं. धाकटीने ते मनगट कड्यावाचून कधी पाहिलं नव्हतं. कडं जिथे असायचं तिथे कातडीवर फिकट पट्टा होता.

"आणि कडं?"

"पडलं असेल कुठे प्लास्टरमध्ये. सापडेल."

धाकटीला राग यायला हवा होता, पण तिला भीती वाटली, आणि लहानपणच्या सवयीने ती थोरलीच्या जवळ सरकली. थोरली उठली आणि हात धुवायला गेली.

५

दुपारी गाडीवाला आला. मूर्ती चढवायला चार माणसं घेऊन. दोर, सतरंज्या, आरडाओरडा. धाकटीने पापण्या कशाबशा पुऱ्या केल्या होत्या. गाडीवाला घाम पुसत तिला म्हणाला, "बाई, थोरल्या बाईंची पेटी पण याच खेपेला घालतो ना? गाडी पुढे तिकडेच जातेय."

"कुठली पेटी?"

गाडीवाल्याने जीभ चावली. पण पेटी तर तिथेच होती, शटरच्या आड, दोरीने बांधलेली. थोरलीच्या थाप्या तिच्यावर तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. अवजारं अशी ठेवतात ती परत हाती धरायची नसतात तेव्हा. बाबांची तशीच ठेवली होती.

धाकटी थोरलीसमोर जाऊन उभी राहिली.

"दुसऱ्या गावी कारखाना आहे," थोरली म्हणाली. "घरांच्या छताला प्लास्टरच्या पट्ट्या करतात. नुसत्या पट्ट्या. देव नाहीत, हात नाहीत. मला तेच हवंय."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, ताई, मला भीती वाटते. आणि मी राहिले असते. आजवर तेच झालं."

"दाढेला म्हणून मला पाठवलंस."

"दाढ दुखत नव्हती का तुझी?"

"ताई, आतल्या दाराची कडी काढली होतीस?"

बाहेर माणसं एक-दोन-तीन करत होती. थोरलीने तिकडे पाहिलं. "तू एकटीच भीत होतीस असं वाटायचं का गं तुला? दर वेळी तू पुढे, अभय तुझ्या हातात. मी मागे. दाराजवळचं अंथरूण कुणाचं होतं, चिमणे? मला कोण म्हणायचं, मी आहे ना? मोठी झाल्यावर दोनदा निघाले होते मी इथून, तुला पत्ताही नाही. दोन्ही वेळा ते दार आतून असं वाजायला लागलं, की पाय उचलेना. ते मला जाऊ देत नव्हतं. काहीतरी दिल्याशिवाय माझी सुटका नव्हती. आणि द्यायला आपल्याकडे अभयाशिवाय दुसरं होतं काय?"

"पुढे कोण होतं? तू पाहिलंस?"

"मी मागे होते. मागे उभं राहणाऱ्याला पुढचं दिसत नाही. तुला कधी राहावं लागलं नाही, म्हणून माहीत नाही."

ताईने, जिच्या हाताखाली ती झोपायला शिकली त्या ताईने, विचार करून, दिवस निवडून, पांघरूण घालून हे केलं होतं. धाकटीला रडू फुटलं. आणि रडतानाच तिला दुसरी गोष्ट उमगली. बाबांनी एकूण एक मूर्ती त्या दाराकडे तोंड करून का ठेवली. मागच्या खोलीत जे होतं ते आजवर दारावर हात फिरवून परत का फिरायचं. त्यालाही कशाची तरी भीती होती. भीती होती म्हणून ते दाराआड होतं.

"आता ते कशाला भिणार, ताई?"

थोरलीने धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. कपाळाला गार काही लागलं नाही, नुसता घामेजला हात.

"एकटी पडणार नाहीस तू," ती म्हणाली. "तेवढं मी पाहिलंय."

६

मूर्ती पाठमोरीच बाहेर निघाली, कारण तशीच ती ओढता येत होती. तिचं तोंड शेवटपर्यंत कारखान्याकडे राहिलं. माणसं तिला गाडीवर सरकवत होती आणि धाकटी आत, रिकाम्या झालेल्या जागेत उभी होती. लांबून तो उचललेला हात तिला पहिल्यांदाच पुरता दिसला. तिने कोरलेले आरे, तिने कोरलेल्या पापण्या. क्षणभर तिला वाटलं, असू दे, ताई गेली तरी हा हात मलाच म्हणतोय.

मग गाडी जरा हलली आणि तिच्या लक्षात आलं. हात तिच्याकडे नव्हता. तो तिच्या खांद्यावरून मागे पाहत होता.

ती धावली असती. पण थोरलीने बाहेरून शटर ओढलं. ते शटर, जे उभ्या आयुष्यात निम्म्यावर अडल्याशिवाय राहिलं नव्हतं, ते सरळ खाली आलं आणि जमिनीला टेकलं. धाकटीने ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. ते हललं नाही. पलीकडे गाडी सुरू झाली, गाडीवाला काहीतरी विनोद करून हसला, आणि थोरलीही हसली. तिचं हसू धाकटीने हजारांतून ओळखलं असतं. त्या हसण्यात इतकी सुटका होती, की धाकटीने हाक मारायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

आता पिवळ्या पट्टीतून येणारा तेवढाच उजेड. फळीवर छोट्या मूर्ती रांगेत बसलेल्या, त्यांचे हात बसवायचे राहिलेले. पुढचं काम. दोघांचं काम.

ती कान देऊन उभी राहिली. दारावर हात फिरल्याचा आवाज येईल, म्हणून वाट पाहत राहिली. आवाज आला नाही. तिने स्वतःला समजावलं, की माणूस नसलेल्या खोलीत कसला आवाज येणार. ताई रागावली आहे, दोन दिवसांनी पत्ता कळवेल. कडी लागलेली आहे, सकाळी आपणच पाहिली.

ती वळली. कडी खाली लोंबत होती.

दार किंचित उघडं होतं. फटीतून एक हात बाहेर आला होता. आला होता म्हणजे घाईने नव्हे, तो आधीपासूनच तिथे असावा. उजवा हात, वर उचललेला, तळवा समोर, बोटं आभाळाकडे. बोटं फार वर गेली होती. राखाडी तळव्याच्या मधोमध, आत दबलेलं, तिचं चक्र होतं. एकूण एक आरा स्पष्ट.

आणि तांब्याचं कडं. थोरलीच्या भरलेल्या मनगटाला घट्ट बसणारं ते कडं या हातावर कुठेच अडलं नव्हतं. ते थेट कोपरापर्यंत घसरलं होतं.

तो हात काही करत नव्हता. तळवा पुढे करून थांबला होता, धाकटी आजवर मूर्तींसमोर थांबायची तसा, समोरून दुसरा तळवा येऊन टेकण्याची वाट पाहत.

थोरलीने शब्द पाळला होता. धाकटी एकटी पडणार नव्हती.